आकड्यांची रांगोळी काळ्या पडद्यावर

वहीत साठलेल्या घरच्या आकड्यांचे चित्र काढायला महागडे ॲप लागत नाही. कॉम्प्युटरमधले टर्मिनल आणि एक छोटे मोफत टूल एवढ्यावर काम भागते.

दूधवाल्याचा खाडा झाला की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर फुली पडते. महिनाअखेरीला हिशोब करताना कोणी तारखा वाचत बसत नाही. नुसती नजर फिरवली तरी दिसते की या महिन्यात फुल्या जास्त आहेत आणि त्याही सगळ्या दुसऱ्या आठवड्यात. चौकोनांची जाळी, त्यात एक खूण आणि एका नजरेत उत्तर. आपल्या आयाआज्या हेच करत आल्या आहेत. फक्त त्याला कोणी ‘डेटा प्लॉट’ म्हणत नव्हते.

आता घरातले आकडे खूप वाढले आहेत. सासूबाईंची उपाशीपोटीची साखर, बाबांचे ब्लड प्रेशर, बाळाचे वजन, विजेचे युनिट, सिलिंडर किती दिवस चालला, बाहेरच्या खाण्यावर किती गेले. यातले बरेचसे आपण लिहूनही ठेवतो. पण लिहिलेले आकडे पुन्हा पाहतो का? वही भरते आणि कपाटात जाते. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण शेवटची दोन रीडिंग्ज सांगतो, बाकीची पानभर रीडिंग्ज न वाचताच राहतात.

या आकड्यांचे चित्र काढणे सोपे आहे. त्यासाठी नवा फोन नको, वर्गणी भरून घ्यायचे ॲप नको. घरात जुना लॅपटॉप असेल तर तोही पुरेल.

टर्मिनल म्हणजे नेमके काय?

सिनेमात हॅकर बसलेला असतो आणि समोर काळ्या पडद्यावर भराभर अक्षरे धावत असतात. तोच तो टर्मिनल. प्रत्यक्षात त्यात भीतीदायक असे काही नाही. माउसने चित्रांवर क्लिक करण्याऐवजी कॉम्प्युटरला एका ओळीत लिहून काम सांगायचे, एवढाच फरक. म्हणून त्याला कमांड लाइन म्हणतात.

विंडोज ११मध्ये सर्चमध्ये ‘टर्मिनल’ लिहिले की तो उघडतो. मॅकमध्ये तो ॲप्लिकेशन्समधल्या युटिलिटीज फोल्डरमध्ये असतो. लिनक्सवर तर तो कायम हाताशीच असतो.

हा पडदा म्हणजे चौकोनांची जाळी आहे, एका चौकोनात एकच अक्षर. या जाळीचे माप ऐकून गंमत वाटेल. आयबीएम कंपनीने १९२८ साली भोके पाडायचे जे पंचकार्ड आणले, त्यावर ८० उभे रकाने होते. पुढे पडदे आले तरी ८०चा आकडा टिकला. १९७८ साली आलेल्या व्हीटी १०० या प्रसिद्ध टर्मिनलवर ८० रकाने आणि २४ ओळी मावत. म्हणजे एकूण १,९२० चौकोन. आजही बऱ्याच कॉम्प्युटरवर टर्मिनल उघडले की साधारण याच मापाची खिडकी समोर येते.

तुम्ही कधी दुसुतीच्या कापडावर भरतकाम केले असेल तर पुढचे लगेच कळेल. कापडाचे चौकोन मोजायचे आणि हव्या त्या चौकोनात टाका घालायचा. दूरून पाहिले की फूल दिसते. टर्मिनलमध्ये टाक्याच्या जागी चांदणी, अधिकचे चिन्ह किंवा भरीव ठोकळा येतो. बाकी पद्धत तीच.

सरासरी जे सांगत नाही

चित्र कशाला, सरासरी काढली की झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, घरातल्या एका आजींना मधुमेह आहे. डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर १३०च्या आत ठेवायला सांगितली आहे. सून रोज सकाळी ग्लुकोमीटरवर मोजून वहीत लिहिते. दोन आठवड्यांची चौदा रीडिंग्ज अशी आहेत:

१५८, १३१, १२४, १२१, १२६, १२३, १२८, १६२, १३४, १२२, १२५, १२१, १२७, १२९

यांची सरासरी येते जवळपास १३१. म्हणजे मर्यादेच्या किंचित वर. ऐकणारा म्हणेल, थोडी वाढली आहे, गोड कमी करा. आजी म्हणतील, मी गोड खातच नाही. आणि घरात त्यावरून रोजची कुरबुर सुरू होईल.

आता हेच आकडे ठोकळ्यांनी मांडू. दर दहाला एक ठोकळा, वरचे सुटे सोडून दिले:

सोम ■■■■■■■■■■■■■■■
मंगळ ■■■■■■■■■■■■■
बुध ■■■■■■■■■■■■
गुरु ■■■■■■■■■■■■
शुक्र ■■■■■■■■■■■■
शनि ■■■■■■■■■■■■
रवि ■■■■■■■■■■■■
सोम ■■■■■■■■■■■■■■■■
मंगळ ■■■■■■■■■■■■■
बुध ■■■■■■■■■■■■
गुरु ■■■■■■■■■■■■
शुक्र ■■■■■■■■■■■■
शनि ■■■■■■■■■■■■
रवि ■■■■■■■■■■■■

आता काही समजावून सांगावे लागते का? आजींची साखर रोज वाढलेली नाही. बुधवारपासून रविवारपर्यंत ती मर्यादेत आहे. सोमवारी सकाळी उसळी घेते आणि मंगळवारी उतरू लागते. प्रश्न रोजच्या खाण्याचा नसून रविवारचा आहे. रविवारी सगळे घरी असतात म्हणून जेवण उशिरा होते का? पाहुणे येतात का? की त्या गडबडीत रात्रीची गोळी राहून जाते?

कारण काय, हे चित्र सांगत नाही. पण कुठे पाहायचे ते नेमके दाखवते. एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज देते. ती महत्त्वाची आहेच, पण तीही सरासरीच. सोमवार कोणता आणि गुरुवार कोणता, हे तिच्यातून कळत नाही. ते घरच्या वहीतच असते.

मात्र एक पथ्य पाळायचे. चित्र पाहून गोळीचा डोस स्वतःच्या मनाने बदलायचा नाही. चित्र डॉक्टरांना दाखवायचे आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा.

दोन विद्यार्थ्यांनी बनवलेले टूल

ठोकळे हाताने काढता येतात, पण रोज कोण काढणार? इथे कमांड लाइनवरचे टूल कामाला येते. त्यातले सगळ्यात जुनेजाणते म्हणजे ग्नूप्लॉट. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली या दोन अमेरिकन विद्यार्थ्यांनी ते १९८६ साली तयार केले. एकाला वर्गात डिफरन्शियल इक्वेशन्स शिकायची होती, दुसऱ्याला विद्युतचुंबकत्व. समीकरणे कागदावर नुसती वाचून डोक्यात शिरत नव्हती. ती डोळ्यांना दिसली तर बरे, या साध्या गरजेतून हे टूल जन्माला आले.

नावाचीही गोष्ट आहे. एकाला ‘लामाप्लॉट’ हवे होते, दुसऱ्याला ‘एनप्लॉट’. ‘न्यूप्लॉट’वर एकमत झाले तर त्या नावाचा दुसरा प्रोग्राम आधीच होता. मग उच्चार जवळचा ठेवून स्पेलिंग बदलले: सुरुवातीला जी, एन, यू आणि पुढे प्लॉट. ग्नू नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या मोठ्या प्रकल्पाशी त्याचा संबंध असेल असे अनेकांना वाटते, पण तसा तो नाही.

आज चाळीस वर्षे होत आली तरी हे टूल जिवंत आहे. त्याची सहावी आवृत्ती २०२३च्या डिसेंबरमध्ये आली. शास्त्रज्ञ त्यात संशोधनाचे आलेख काढतात. आणि त्यातच एक साधी सोय आहे, जिचे नाव ‘डंब’, म्हणजे मुका टर्मिनल. ही सोय चालू केली की ग्नूप्लॉट रंगीत खिडकी न उघडता नुसत्या अक्षरांनी आलेख काढतो, ७९ रकाने आणि २४ ओळींत. आपल्याला हीच सोय हवी आहे.

पहिला आलेख, पाच पायऱ्यांत

पुढच्या सगळ्या सूचना इथे मराठीत लिहिल्या आहेत, पण टाइप करताना इंग्रजी छोट्या लिपीतच करायच्या.

पहिली पायरी: टूल बसवा. ग्नूप्लॉट मोफत आहे. विंडोजसाठी त्याच्या अधिकृत साइटवरून इन्स्टॉलर मिळतो. बसवताना ‘पाथ’मध्ये नाव घालण्याचा पर्याय येतो, तो जरूर निवडा. नाहीतर टर्मिनलला हे टूल सापडणार नाही. उबुंटूवर ‘ॲप्ट’ने आणि मॅकवर ‘होमब्रू’ने ते एका ओळीत बसते.

दुसरी पायरी: फाइल तयार करा. नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये नवी फाइल घ्या. एका ओळीत दोन आकडे लिहा: आधी दिवसाचा क्रमांक, मग मोकळी जागा, मग रीडिंग. पहिल्या ओळीत १ आणि १५८, दुसऱ्या ओळीत २ आणि १३१, याप्रमाणे पुढे. फाइलला ‘साखर’ नाव द्या आणि एका फोल्डरमध्ये सेव्ह करा.

तिसरी पायरी: त्या फोल्डरमध्ये जा. विंडोज ११मध्ये फोल्डरच्या मोकळ्या जागेत राइट क्लिक केले की ‘ओपन इन टर्मिनल’ दिसते. मॅकवर टर्मिनलमध्ये ‘सीडी’ लिहा, एक मोकळी जागा सोडा, फोल्डर माउसने ओढून त्या खिडकीत टाका आणि एंटर दाबा.

चौथी पायरी: ‘ग्नूप्लॉट’ टाइप करून एंटर दाबा. मग ‘सेट टर्मिनल डंब’ असे लिहून पुन्हा एंटर.

पाचवी पायरी: ‘प्लॉट’ लिहा, मग दुहेरी अवतरणचिन्हात फाइलचे पूर्ण नाव, शेवटची टीएक्सटी ही अक्षरेसुद्धा, आणि त्यापुढे ‘विथ लाइन्स’. एंटर दाबताच काळ्या पडद्यावर अक्षरांची चौकट उभी राहते. डावीकडे साखरेचे आकडे, खाली दिवस आणि मध्ये चांदण्यांची चढउतार करणारी रेघ.

त्याच ओळीच्या शेवटी स्वल्पविराम देऊन १३० लिहिलेत तर मर्यादेची आडवी रेघही उमटते. मग कोणता दिवस रेघेच्या वर गेला हे शोधावे लागत नाही.

बाहेर पडायचे तर ‘एक्झिट’. फाइल तशीच राहते. उद्या आणखी एक ओळ लिहा आणि आलेख पुन्हा काढा. अर्ध्या मिनिटाचे काम.

मराठी हातांना होणारे अडथळे

काही गोष्टी आपल्या सवयींमुळे अडतात, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

फाइलमधले आकडे इंग्रजीच हवेत. मराठी १, २, ३ लिहिले तर टूलला ते आकडे म्हणून ओळखता येत नाहीत.

मोठ्या रकमेत स्वल्पविराम देऊ नका. सव्वा लाख आपण दोन स्वल्पविराम देऊन लिहितो, इथे मात्र सहा आकडे सलग लिहायचे.

एखाद्या दिवशी मोजायचे राहिले तर तिथे शून्य लिहू नका. शून्य लिहिले की रेघ थेट तळाला जाते आणि सगळा आलेख बिघडतो. त्या जागी एक ओळ रिकामी सोडा आणि पुढच्या दिवशी त्याचा खरा क्रमांक लिहा. ग्नूप्लॉट तिथे रेघ तोडतो. चित्रातली फटही मग खरेच बोलते की या दिवशी मोजले नव्हते.

आलेखातल्या नावांसाठी सध्या तरी इंग्रजी अक्षरे वापरलेली सोयीची. टर्मिनलची जाळी एका चौकोनात एक अक्षर या हिशोबाची आहे. आपल्या लिपीत वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. मग अक्षरांची रुंदी चुकते आणि पुढचे ठोकळे पुढेमागे सरकतात. ‘किराणा’ आणि ‘वीज’ ही नावे इंग्रजी लिपीत लिहिली की रांग सरळ राहते.

रेघ उंच दिसली म्हणून घाबरू नका

आलेख काढण्याइतकेच तो वाचणेही महत्त्वाचे. ग्नूप्लॉट उभ्या अक्षाची सुरुवात शून्यापासून करेलच असे नाही. तुमच्या आकड्यांत सगळ्यात लहान आणि मोठा कोणता ते पाहून तो चौकट बेततो. त्यामुळे १२१ आणि १२९ यांतला फरकही कधी डोंगराएवढा दिसू शकतो. रेघ पाहून आजींना ओरडण्याआधी डावीकडचे आकडे वाचा.

हवे तर अक्षाची हद्द तुम्हीच ठरवा. ‘सेट वायरेंज’ लिहून चौकटी कंसात ०, मग विसर्गासारखे दोन टिंबांचे कोलन आणि ३०० असे दिले की अक्ष ० ते ३०० होतो. दर महिन्याचा आलेख याच मापाने काढला तरच दोन महिन्यांची तुलना खरी ठरते. साडी एका पट्टीने मोजायची आणि ब्लाउजपीस दुसऱ्या, असे आपण करत नाही. इथेही नको.

आकडे मांडण्याची एक आणखी जुनी पद्धत आहे, जिला कॉम्प्युटरही लागत नाही. जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७७ सालच्या आपल्या ‘एक्स्प्लोरेटरी डेटा ॲनालिसिस’ या पुस्तकातून ती लोकप्रिय केली. तिला खोड आणि पाने म्हणता येईल. आकड्याचा शेवटचा अंक म्हणजे पान, उरलेला भाग म्हणजे खोड. आजींची चौदा रीडिंग्ज अशी दिसतात:

१२ | १ १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९
१३ | १ ४
१४ |
१५ | ८
१६ | २

दहा पाने एकाच फांदीवर, दोन जवळ आणि दोन लांब. त्यातही १४०ची फांदी पूर्ण रिकामी. म्हणजे साखर हळूहळू वाढत तिथवर गेलेली नाही. त्या दोन दिवशी काहीतरी वेगळे घडले. हे चित्र वहीच्या मागच्या पानावरही काढता येते, आणि लाइट गेली तरी अडत नाही.

ठिपक्यांनी बारीक रेघ

चांदण्यांची रेघ जरा ओबडधोबड दिसते. ती बारीक हवी असेल तर यूप्लॉट नावाचे दुसरे टूल पाहा. ते रुबी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिले आहे. बसवताना नाव वाय, ओ, यू आणि प्लॉट असे असते. चालवताना मात्र नुसते यू आणि प्लॉट.

त्याची रेघ बारीक का येते, यामागची युक्ती सुंदर आहे. ती ब्रेल लिपीची अक्षरे वापरते. दृष्टिहीनांसाठीच्या या लिपीत मुळात सहा ठिपके असतात. कॉम्प्युटरच्या युनिकोडमध्ये १९९९ साली आठ ठिपक्यांची ब्रेल चिन्हे आली. आडवे दोन आणि उभे चार. प्रत्येक ठिपका आहे किंवा नाही, अशा मिळून २५६ जुळण्या होतात. म्हणजे जिथे एक चांदणी बसत होती, तिथे आठ वेगवेगळे ठिपके ठेवता येतात. ८० बाय २४च्या पडद्यावर १,९२० चौकोनांचे १५,३६० ठिपके झाले. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. ठिपके जितके जवळ, तितकी वळणे सुबक.

खर्चासाठी यूप्लॉट जास्त सोयीचे. एका ओळीत खर्चाचे नाव, मग टॅब, मग रक्कम. ‘यूप्लॉट’, ‘बार’ आणि फाइलचे नाव एवढे लिहिले की स्तंभालेख तयार. समजा, एका महिन्याचे आकडे असे आहेत: किराणा ७,२०० रुपये, भाजी आणि फळे ३,१००, दूध २,१००, बाहेरचे खाणे ४,८००, वीज १,६००. दर पाचशेला एक ठोकळा धरला तर:

किराणा ■■■■■■■■■■■■■■
भाजी-फळे ■■■■■■
दूध ■■■■
बाहेरचे खाणे ■■■■■■■■■
वीज ■■■

बाहेर खाण्याचे दोनशे-तीनशे रुपये त्या त्या वेळी किरकोळ वाटतात. एकत्र ठेवले की ते भाजी-फळांना मागे टाकतात. “तूच जास्त खर्च करतेस” आणि “तुम्हीच ऑर्डर करता” या वादापेक्षा असे पाच ओळींचे चित्र दोघांनी मिळून पाहिलेले बरे.

मॅक आणि लिनक्सवर आणखी एक सोय आहे, ती म्हणजे पाइप. कीबोर्डवरच्या उभ्या रेघेने एका टूलमधून निघालेले थेट दुसऱ्यात सोडता येते. डग्लस मॅकइलरॉय यांच्या आग्रहातून १९७३ साली युनिक्समध्ये ही सोय आली. ‘ग्रेप’ हे टूल हव्या त्या शब्दाच्या ओळी वेचून देते, जशी चाळणी कोंडा बाजूला काढते. वर्षभराच्या फाइलमधून फक्त विजेच्या ओळी वेचा, पाइपने यूप्लॉटकडे द्या आणि बारा महिन्यांची वीज समोर. एप्रिल-मेमध्ये एसीने किती खाल्ले, तेही दिसेल.

मुलांच्या अभ्यासालाही उपयोग

अकरावी-बारावीतली मुले घरात असतील तर ग्नूप्लॉट त्यांच्या हाती जरूर द्या. ‘प्लॉट’ लिहून पुढे साइन आणि कंसात एक्स दिले की लाट उमटते. एक्स गुणिले एक्स दिले की पॅराबोला येतो. त्याला दोनने गुणले तर तो अरुंद होतो, उणे चिन्ह दिले तर उलटा होतो. हे पाठ करावे लागत नाही, करून पाहता येते. शेवटी हे टूल दोन विद्यार्थ्यांनी नेमके याचसाठी बनवले होते.

घरचे आकडे घरातच

आता कोणी विचारेल की फोनवर तर किती तरी ॲप्स आहेत, ती रंगीत आलेख आपोआप काढतात. मग हा खटाटोप का?

कारण आकडे कोणाकडे जातात हा प्रश्न आहे. बऱ्याच ॲप्समध्ये तुमची माहिती त्या कंपनीच्या सर्व्हरवर साठते. घरातल्या माणसाचा आजार, पाळीच्या तारखा, महिन्याची कमाई आणि उधारी या गोष्टी आपण शेजारणीलाही सहज सांगत नाही. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला तो अशाच माहितीच्या काळजीने. पण जी माहिती घराबाहेर गेलीच नाही, तिची राखण सगळ्यात सोपी.

ग्नूप्लॉट एकदा बसवले की त्याला इंटरनेट लागत नाही. खाते उघडायचे नाही, मोबाइल नंबर द्यायचा नाही, जाहिराती नाहीत. फाइल साधी अक्षरांची. दहा वर्षांनी हे टूल बदलले तरी ती कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडेल. ॲप बंद पडले म्हणून आजींची तीन वर्षांची रीडिंग्ज गेली, असे होणार नाही. फक्त त्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायला विसरू नका.

बहिणीला किंवा परगावच्या दिरांना आलेख पाठवायचा असेल तर आधी ‘सेट टर्मिनल डंब साइज’ लिहून पुढे रुंदी आणि उंचीचे लहान आकडे द्या, म्हणजे तो फोनवर मावेल. मग तो कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक चिन्हे घाला. ते चिन्ह बहुतेक कीबोर्डवर एस्केपच्या खाली असते. त्याने सगळी अक्षरे सारख्या रुंदीची होतात आणि चित्र मोडत नाही. हवे त्यालाच, हवे तेवढेच पाठवले, हा निर्णय तुमचा.

आधी स्वतः पाहण्यासाठी

आलेखांचा इतिहास पाहिला तर बहुतेक प्रसिद्ध आलेख दुसऱ्यांना दाखवण्यासाठी काढलेले आहेत. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे रेघांचे आलेख छापले. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक दगावले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली रंगीत आकृती काढून सरकारच्या गळी उतरवले. अशा कामाला देखणे चित्र हवेच.

टर्मिनलमधला आलेख मात्र आधी स्वतःसाठी असतो. तो दिसायला साधा आहे, त्याला रंग नाहीत, कोणाला भुरळ घालायची नाही. घरात कोणाची तरी काळजी घेणाऱ्या माणसाला, आणि बहुतेक घरांत ती बाईच असते, हा साधेपणा उपयोगी पडतो. रोज मोजते ती, वही लिहिते ती, पथ्याचा स्वयंपाक करते ती. पण दवाखान्यात “साखर का वाढली?” असे विचारले की उत्तर नसल्यामुळे गप्प राहते तीही तीच. तिच्याकडे आकडे नसतात असे नाही. त्या आकड्यांकडे एकत्र पाहायला कोणी शिकवलेले नसते.

या आठवड्यात एवढेच करा. वहीतली मागची चौदा रीडिंग्ज फाइलमध्ये उतरवा आणि एक आलेख काढा. तो छापून घ्या किंवा पाहून कागदावर उतरवा. ज्या दिवशी रेघ वर गेली त्या दिवशी घरात काय होते, ते बाजूला दोन शब्दांत लिहा. लग्न, प्रवास, उपास, उशिरा जेवण, विसरलेली गोळी. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला वहीसोबत तो कागद न्या आणि त्यांनी विचारण्याआधीच सांगा, “डॉक्टर, साखर रोज वाढत नाही, फक्त सोमवारी वाढते.”